छापील पुस्तक, ई-पुस्तक की ऑडिओबुक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. शब्दही शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. आधी रोजचे प्रश्न घेतले आहेत, अडनिडे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मी स्वतः तिन्ही प्रकारांनी वाचते आणि तिन्हींवर माझा जीव आहे, पण प्रत्येकावर वेगवेगळ्या कारणासाठी.

१. तिन्हींत सगळ्यात चांगलं कोणतं? एकच सांगा.

एकच सांगता येत नाही, कारण हे वाचकावर ठरत नाही, त्या त्या पुस्तकावर ठरतं. "मी फक्त छापीलच वाचते" असं एकदा जाहीर करून टाकलं की कितीतरी पुस्तकं वाचायची राहून जातात.

नवं पुस्तक घेण्याआधी मी स्वतःला विचारते: हे वाचताना मला मागे जावं लागेल का? तळटीप पाहायची, वंशावळ पुन्हा उघडायची, एकच परिच्छेद तीनदा वाचायचा, असं असेल तर कागद. वाचन सरळ पुढेच जाणार असेल, म्हणजे कादंबरी, प्रवासवर्णन, रहस्यकथा, तर ई-पुस्तक छान चालतं. आणि सांगणाऱ्याचा सूरच त्या पुस्तकाचा प्राण असेल, जसं आत्मकथनात असतो, तर ऑडिओबुक. दुसरा प्रश्न असा की दहा वर्षांनी हे पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटेल का. त्याचा संबंध मालकीशी आहे, तो प्रश्न ८ मध्ये पाहा.

२. ऑडिओबुक ऐकून "मी ते पुस्तक वाचलं" असं म्हणता येतं का?

खुशाल म्हणा. २०१९ मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ जणांना त्याच गोष्टी एकदा ऐकवल्या आणि एकदा वाचायला दिल्या. दोन्ही वेळा मेंदूच्या हालचाली टिपल्या. शब्दांचा अर्थ लावताना मेंदू ज्या पद्धतीने काम करतो, तिचा नकाशा दोन्हींत जवळपास सारखाच निघाला. त्यात एक मेख मात्र आहे. वाचतानाचे शब्दही पडद्यावर एकेक करून, ऐकण्याच्याच गतीने दाखवले होते. खऱ्या वाचनात आपण थांबतो, मागे येतो, एखादी ओळ गाळतो.

म्हणून मजकूर कसा आहे यावर बरंच अवलंबून असतं. २०१६ च्या एका अभ्यासात ९१ प्रौढांना एकाच पुस्तकातला कथनात्मक भाग दिला होता. काहींनी तो वाचला, काहींनी ऐकला, काहींनी दोन्ही एकदम केलं. लगेच घेतलेल्या चाचणीत आणि दोन आठवड्यांनंतरही समजण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. उलट २०१० च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना अभ्यासाचा लेख दिला, तेव्हा तो ऐकणारे वाचणाऱ्यांपेक्षा चाचणीत मागे पडले. गोष्ट कानाने पोचते. युक्तिवाद पोचायला डोळ्यांसमोर लागतो.

३. पडद्यावर वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. २०१८ मध्ये स्पेन आणि इस्राएलमधल्या संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्या सगळ्यांत मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी भाग घेतला होता. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तेव्हा हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. निव्वळ कथात्मक मजकुरात फरक आढळला नाही. "सवय झाली की पडदाही तितकाच जमेल" असं आपण म्हणतो, पण वर्षं सरली तशी कागदाची आघाडी कमी झालेली नाही, उलट वाढलेली दिसली.

कथेतही एक बारीक गोष्ट निसटते. नॉर्वे आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ५० वाचकांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर आणि निम्म्यांना ई-रीडरवर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठी असलेल्या यंत्रावर. कथा दोन्ही गटांना सारखीच कळली, पण कोणत्या घटनेनंतर कोणती घडली हा क्रम कागदवाल्यांना जास्त नीट लावता आला. मला हे पटतं. छापील पुस्तकातलं वाक्य मला "डाव्या पानावर, खाली, पुस्तक अर्ध्याच्या थोडं पुढे" असं आठवतं. उजव्या हातातली पानं पातळ होत जातात तसा शेवट जवळ आल्याचं अंगठ्याला कळतं. ई-रीडरच्या कोपऱ्यातली टक्केवारी ते काम करत नाही.

४. फोन आहेच की. वेगळा ई-रीडर कशाला?

महिन्याला एखादं पुस्तक वाचत असाल तर फोन पुरे. रोज तासभर वाचत असाल, तर ई-रीडरने फरक पडतो, आणि तो पडद्याच्या घडणीमुळे पडतो.

फोनचा पडदा आपल्या डोळ्यांत प्रकाश टाकतो. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो, त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे रंगकण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की त्यातले काळे किंवा पांढरे वर येतात, आणि वीज बंद झाली तरी तिथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणूनच एका चार्जिंगवर हे यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं. पडदा कागदासारखा बाहेरचा उजेड परतवतो, त्यामुळे भर उन्हात अक्षर जास्तच स्वच्छ दिसतं. सामान्य ग्राहकासाठी असं पहिलं यंत्र सोनीने २००४ मध्ये आणलं. २००७ मध्ये अमेझॉनचं किंडल आलं आणि हा प्रकार सगळीकडे पोचला.

रंगीत ई-इंकबद्दलही बरेच जण विचारतात. सध्याच्या प्रचलित रंगीत पडद्यांवर काळं अक्षर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतं, तर रंग १५० ठिपक्यांनी. नकाशातले रंग ओळखण्यापुरतं हे ठीक आहे, पण चित्रांच्या पुस्तकासाठी घेऊ नका.

ई-रीडरची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र तांत्रिक नाही. त्यावर कुणाचा निरोप येत नाही.

५. रात्री झोपण्याआधी कशावर वाचावं?

छापील पुस्तकावर, किंवा दिवा अगदी मंद केलेल्या ई-इंकवर. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, तो २०१४ च्या शेवटी प्रसिद्ध झाला, बारा जणांनी पाच रात्री प्रकाश टाकणाऱ्या टॅबलेटवर वाचलं आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचलं. दोन्ही वेळा झोपण्याआधीचे चार तास. टॅबलेटच्या रात्री झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली आणि सकाळी मरगळही जास्त होती. चार तास म्हणजे बराच वेळ आहे, वीस मिनिटांनी तितकं बिघडेल असं मी म्हणणार नाही. ऑडिओबुक लावून झोपणार असाल तर स्लीप टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने आवाज आपोआप बंद करणारी सोय, लावाच, नाहीतर सकाळी तीन प्रकरणं पुढे गेलेली असतात.

६. ईपब आणि पीडीएफ यांत फरक काय? कोणती फाइल घ्यावी?

पीडीएफ म्हणजे पानाचा जणू फोटो. ओळी, समास, पानाचा आकार, सगळं जागच्या जागी पक्कं. १९९३ मध्ये अडोबीने हे तंत्र आणलं तेच मुळी पान कुठेही तसंच दिसावं आणि छापलं जावं म्हणून. सहा इंची पडद्यावर मोठ्या पानाची पीडीएफ उघडली की अक्षर मुंगीएवढं होतं. मोठं करायला गेलं तर प्रत्येक ओळीला पडदा डावी-उजवीकडे सरकवावा लागतो.

ईपबमध्ये मजकूर वाहता असतो. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने जुळतात. हे खुलं मानक २००७ मध्ये अधिकृत झालं आणि बहुतेक सगळी यंत्रं ते ओळखतात. किंडलवर ते थेट चालत नसे, पण २०२२ पासून यंत्रावर फाइल पाठवण्याच्या सोयीतून ईपब स्वीकारलं जातं आणि तिथल्या तिथे रूपांतर होतं.

थोडक्यात, वाचायला ईपब घ्या. तक्ते, समीकरणं किंवा पानाची मांडणी महत्त्वाची असेल तर पीडीएफ घ्या, आणि तीही मोठ्या पडद्यावर वाचा.

७. मराठी ई-पुस्तकात शोध चालत नाही, अक्षरं तुटतात, शब्दकोश शब्द ओळखत नाही. माझं यंत्र बिघडलंय का?

बहुधा नाही. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत.

शोध चालत नाही, कारण फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नसावी. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर अशा फाँटांत टंकला जायचा की आतून रोमन अक्षर असे आणि वर देवनागरी आकार चढवलेला असे. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं, पण एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला बाहेर पडतो. अशा फाइलला यंत्राकडून वाचूनही घेता येत नाही. नुसती स्कॅन केलेली पानं असतील तर ती चित्रंच, त्यांत शब्द नसतातच. विकत घेण्याआधी नमुना उघडा आणि एखादा साधा शब्द शोधून पाहा, अर्ध्या मिनिटात कळतं.

अक्षरं तुटतात ती फाँटमुळे. 'ऱ्या'मधला अर्धा र वेगळा पडतो, जोडाक्षरांत हलन्त उघडा राहतो. यंत्रातला दुसरा देवनागरी फाँट लावून पाहा. काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. ती चूक नाही, पण मराठी डोळा दर ओळीला अडखळतो, म्हणून मराठी वळणाचा फाँट मिळाला तर तोच ठेवा. शिवाय मजकूर दोन्ही कडांना सरळ ताणून बसवण्याची सोय बंद करा. मराठी शब्द लांब असतात आणि बहुतेक यंत्रं ते ओळीच्या शेवटी नीट तोडत नाहीत, त्यामुळे ओळीत भगदाडं पडतात.

शब्दकोशाचं दुखणं आपल्या व्याकरणात आहे. कोशात 'झाड' असतं. आपण बोट ठेवतो 'झाडाखालच्या'वर. सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय सोडवून मूळ शब्दापर्यंत जाणं साध्या कोशाला जमत नाही. तेव्हा मूळ शब्द स्वतः लिहून शोधा.

८. ई-पुस्तक विकत घेतलं म्हणजे ते माझंच झालं ना?

बहुतेक ठिकाणी नाही. पैसे भरून आपण वाचायचा परवाना घेतो, आणि परवाना देणाऱ्याला तो काढून घेता येतो. हे नुसतं भीतीपोटी म्हणत नाही. २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती वाचकांच्या यंत्रांवरून दुरून पुसून टाकल्या, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पैसे परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी नंतर माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं आणि घेतलेली पुस्तकं उघडायची थांबली. तिथेही पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय बंद झाली. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झाला आहे की असा माल विकताना "हा परवाना आहे" हे ग्राहकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

माझंही एक खातं असंच अडकलं. जुना ईमेल बंद पडला, नव्याने ओळख पटेना, आणि सहा वर्षांच्या खुणा, अधोरेखित ओळी, समासातल्या नोंदी, सगळं त्या बंद दाराआड राहिलं. पुस्तकं पुन्हा घेता येतील. त्या नोंदी पुन्हा लिहिता येणार नाहीत, कारण त्या लिहिणारी मी आता तशी राहिलेले नाही. तेव्हापासून दर काही महिन्यांनी मी नोंदी वेगळ्या उतरवून ठेवते, आणि जे पुस्तक आयुष्यभर हवं आहे ते कागदावर घेते. प्रकाशक कुलूप न लावता फाइल देत असेल तर तिथूनच घ्या आणि प्रत स्वतःकडे साठवा.

९. मग ई-पुस्तक मैत्रिणीला वाचायला देता येतं का? जुनं झालं की विकता येतं?

छापील प्रत एकदा घेतली की ती द्या, विका, वाटा, कुणी विचारत नाही. ई-पुस्तकाला हे सहसा लागू होत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने वापरलेली ई-पुस्तकं हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकता येत नाहीत असा निकाल दिला. काही सेवांत घरच्या माणसांबरोबर पुस्तकं वाटून घेता येतात, ती सोय तपासून पाहा.

डिजिटल ग्रंथालयातही "एका वेळी एकच वाचक" आणि लांब रांग का, असं विचारतात. ग्रंथालयालाही परवानाच मिळतो. २०११ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाने २६ वेळा दिल्यानंतर तो परवाना संपेल अशी अट घातली होती, तेव्हा ग्रंथपालांनी मोठा विरोध केला. त्यांची बाजू मला तेव्हाही रास्त वाटली होती आणि आजही वाटते.

१०. ऑडिओबुक ऐकताना माझं लक्ष पाच मिनिटांत उडतं. काय करू?

आधी हातातलं काम बदला. ज्या कामात शब्द लागतात, म्हणजे निरोप लिहिणं, हिशेब, बातम्या चाळणं, त्याच्या जोडीने पुस्तक ऐकता येत नाही, कारण दोन्हींना मेंदूचा एकच कोपरा लागतो. चालणं, भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, शिवण, अशा कामांच्या जोडीने मात्र छान ऐकता येतं.

पहिलं प्रकरण बसून ऐका, बाकी काही न करता. नावं, नाती, गाव, काळ, सगळं तिथेच पेरलेलं असतं. छापील पुस्तकात विसरलेलं नाव आपण मागे जाऊन शोधतो. ऐकताना त्या माणसाला आवाजावरून ओळखावं लागतं. एका कादंबरीत दोन सख्ख्या जावांची नावं एकाच अक्षराने सुरू होत होती आणि माझा तिसऱ्या प्रकरणातच गोंधळ उडाला. तेव्हा एका चिठ्ठीवर सात नावं आणि त्यांची नाती लिहून ती ओट्याच्या वरच्या फळीला चिकटवली. चिठ्ठीवर पाणी उडून शाई पसरेपर्यंत पुस्तक संपलं होतं, आणि ती जाऊ कोण हे मी आजही विसरलेले नाही.

एवढं करूनही लक्ष उडत असेल, तर ते पुस्तक कानाचं नाही. कागदावर घ्या.

११. ऑडिओबुक दीडपट, दुप्पट वेगाने ऐकलं तर चालतं का?

माहितीपर पुस्तकाला दीडपट चालतं. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांना व्याख्यानांचे व्हिडिओ वेगवेगळ्या वेगाने दाखवले. दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारशी घट झाली नाही, अडीचपटीला मात्र झाली. जास्त वेगाने ऐकावंसं वाटण्याचं कारणही साधं आहे. इंग्रजीत प्रौढ माणूस मनातल्या मनात मिनिटाला साधारण २४० ते २६० शब्द वाचतो, तर निवेदक साधारण १५० च्या आसपास बोलतो.

कथेसाठी मी वेग एकपटच ठेवते. चांगला निवेदक वाक्यानंतर जिथे थांबतो, ते थांबणंही लेखकाचंच असतं.

१२. निवेदकाचा आवाजच आवडला नाही तर? आणि यंत्राचा आवाज चालेल का?

नमुना ऐकल्याशिवाय ऑडिओबुक घेऊच नका. नमुन्यात संवाद आहे का ते पाहा, कारण कस संवादात लागतो. बाईचं बोलणं आलं की आवाज बारीक करणारा किंवा प्रत्येक वाक्य सभेत ऐकवल्यासारखं म्हणणारा निवेदक दहा तास सोसवत नाही.

यंत्राचा आवाज लेख, अहवाल, बातमी यांना पुरतो. कथेत तो विरामचिन्ह वाचतो, पण त्यामागचा अर्थ वाचत नाही. जुन्या, हक्क संपलेल्या इंग्रजी पुस्तकांसाठी लिब्रीवॉक्स हे संकेतस्थळ पाहा. २००५ पासून तिथे स्वयंसेवक स्वतःच्या आवाजात पुस्तकं वाचून फुकट देत आहेत. कुणी कसलेले, कुणी हौशी, पण वाचणारा माणूस असतो. अशाच पुस्तकांचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतो. ते काम १९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी एक दस्तऐवज स्वतः टंकून सुरू केलं.

आणखी एक गोष्ट: पानावर "संक्षिप्त" असं लिहिलंय का बघा. संक्षिप्त आवृत्तीत नेमकी तुमची आवडती प्रकरणं गळालेली असू शकतात.

१३. ऑडिओबुकने फोन भरून जाईल का?

नाही. नेहमीच्या ६४ केबीपीएस दर्जात एका तासाला साधारण २९ एमबी लागतात, दहा तासांचं पुस्तक २९० एमबीच्या घरात जातं. ऐकून झालं की काढून टाका. मजकुराचं ई-पुस्तक बहुतेकदा काही एमबीतच मावतं.

१४. अभ्यासासाठी काय वापरावं? संदर्भ देताना पान क्रमांक कुठून आणायचा?

मूळ ग्रंथ कागदावर, शोधासाठी त्याचीच ई-प्रत, असं जमलं तर उत्तम. हा शब्द पुस्तकात कुठे कुठे आलाय, हे ई-प्रत क्षणात दाखवते. समजून घेणं मात्र पेन्सिल हातात असताना होतं. त्यामागचं कारण प्रश्न ३ मध्ये आलं आहे.

ईपबमध्ये अक्षराचा आकार बदलला की पानं बदलतात, म्हणून पडद्यावरचा आकडा संदर्भ म्हणून देऊ नका. काही ई-पुस्तकांत छापील आवृत्तीचे पान क्रमांक आतच बसवलेले असतात, ते चालतात. नसतील तर प्रकरणाचं नाव आणि परिच्छेदाचा क्रमांक द्या. ऑडिओबुकचा संदर्भ प्रकरण आणि तास-मिनिटांनी देतात. पण अवतरण त्यावरून लिहून काढू नका. विरामचिन्हं कानाला दिसत नाहीत.

१५. लहान मुलांना कोणतं द्यावं?

अगदी लहान मुलांना कागदाचंच, मांडीवर बसवून. २०१९ मध्ये ३७ पालक आणि त्यांच्या लहानग्यांच्या जोड्यांना छापील आणि टॅबलेटवरची पुस्तकं देऊन पाहिली गेली. छापील पुस्तकाबरोबर आई-बाप आणि मूल जास्त बोलले. टॅबलेटवर बोलणं कमी झालं, आणि जे झालं त्यात बरंचसं "तिथे दाबू नको" असं होतं.

वाचायला लागलेल्या पण कंटाळणाऱ्या मुलाला ऑडिओबुक ऐकताना तेच छापील पुस्तक समोर धरू द्या. डोळा शब्दावर आणि कान उच्चारावर राहिला की अडणारं जोडाक्षर आपोआप सुटतं.

१६. आईला मोतीबिंदू झालाय, वाचन सुटलंय. तिला काय घेऊन देऊ?

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. कितीतरी वेळा वाचन परत मिळतं. तोवर आणि नंतरही ई-रीडर मोठा आधार होतो.

माझ्या आईला मी तो दिला तेव्हा तिला यंत्राचा धाक होता. मी अक्षर वाढवत गेले, ओळीत आठ शब्द, मग सहा, मग चार. चारवर ती म्हणाली, "थांब." मग बोट न ठेवता तिने अख्खं पान मोठ्याने वाचलं. त्यानंतर जाडजूड ग्रंथही तिने त्याच हलक्या यंत्रावर वाचले, कारण सांधेदुखीने मनगट भरून यायचं आणि पाचशे पानांचं पुस्तक उचलणं तिला झेपत नव्हतं. छापील पुस्तकाचं वजन हा वाचनातला किती मोठा अडथळा असतो, हे तिशीत कळत नाही.

घेताना मोठा पडदा आणि शक्य असेल तर पान उलटायला खरं बटण असलेलं यंत्र घ्या. कोरड्या, कापऱ्या बोटांना स्पर्शाचा पडदा नीट प्रतिसाद देत नाही. पहिली दहा पुस्तकं तुम्हीच भरून द्या. खातं, पासवर्ड, खरेदी यांत तिला गुंतवू नका.

१७. अंध व्यक्तींसाठी किंवा डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी वेगळी पुस्तकं असतात का?

असतात. आजच्या ऑडिओबुकचं मूळच तिथे आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात अंध वाचकांसाठी तबकड्यांवर पुस्तकं ध्वनिमुद्रित होऊ लागली. १९९६ पासून अशा बोलक्या पुस्तकांसाठी डेझी या मानकावर काम सुरू झालं. त्यातल्या पुस्तकात प्रकरण, उपप्रकरण, पान अशा उड्या मारता येतात. साध्या ध्वनिफितीत हे जमत नाही.

२०१३ मध्ये झालेला आणि २०१६ पासून अमलात असलेला माराकेश करार अशा वाचकांसाठी सुगम प्रती तयार करायला आणि देशांमध्ये पाठवायला कॉपीराइटमधून वाट करून देतो. तो करार मंजूर करणारा पहिला देश भारत होता. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: हा करार फक्त अंधांसाठी नाही. डिस्लेक्सियासारख्या अडचणीमुळे छापील मजकूर वाचता न येणारे, आणि शारीरिक कारणाने पुस्तक हातात धरता किंवा पानं उलटता न येणारे, हेही त्यात येतात.

डिस्लेक्सियासाठी ई-रीडरवर अक्षरांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवून पाहा. पुष्कळांना नुसत्या अंतरानेही मोकळं वाटतं.

१८. कविता, नकाशे, चित्रांची पुस्तकं?

चित्रं आणि नकाशे कागदावर. कविता आधी कागदावर, मग कानाने. वाहत्या ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की कवीची ओळ मधेच मोडते, आणि कवितेत ओळ कुठे संपते यालाच अर्थ असतो. शब्दकोश मात्र डिजिटलच बरा.

१९. कपाट भरलंय. कोणती पुस्तकं ठेवू, कोणती देऊन टाकू?

ज्यांत तुमच्या हस्ताक्षरातल्या नोंदी आहेत, ज्यांच्या पहिल्या पानावर कुणी नाव घालून भेट दिली आहे आणि जी आता कुठेच मिळत नाहीत, ती ठेवा. जी ई-रूपात सहज मिळतात आणि पुन्हा उघडली जाणार नाहीत, ती वाचणाऱ्या माणसाला द्या.

ठेवाल ती भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे बोटभर हवा खेळू द्या. पानं पिवळी पडून ठिसूळ होतात ती लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निन या घटकामुळे आणि कागदातल्या आम्लामुळे. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे काम लवकर करतात. आम्लरहित कागदावरचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. वर्षातून एकदा प्रत्येक पुस्तक काढून पानं फडफडवा. कसर लागली असेल तर तेव्हाच कळतं.

२०. एकच पुस्तक अर्धं कागदावर आणि अर्धं ऐकून वाचलं तर काही बिघडतं का?

काहीच बिघडत नाही, फक्त आवृत्ती एकच आहे ना ते तपासा. छापील, ई आणि ऑडिओ या प्रत्येक रूपाला वेगळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो, त्यामुळे आकडा जुळवून उपयोग नाही. आवृत्तीचं वर्ष पाहा आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव जुळतंय का बघा. एकाच परदेशी कादंबरीचे दोन अनुवाद मी एकदा नकळत असे जोडले होते. घरी कागदावर वाचलेली म्हातारी प्रवासात कानात भलत्याच भाषेत बोलू लागली, तिचं ग्रामीण बोलणं जाऊन एकदम पुस्तकी झालं, आणि ही तीच बाई आहे हे कळायला मला दोन प्रकरणं लागली.